वर्गाबाहेर काढलेले मूल : स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा इतिहास आणि आपण

१

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. शाळेने त्याला घेतले नाही. मुलाने सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारने जुलै १८५६ मध्ये जो निर्णय दिला तो आपल्या चळवळीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. बाबासाहेबांनीही त्याची आवर्जून नोंद केलेली आहे. निर्णयाचा आशय असा होता : तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूने आहे हे मान्य, परंतु या एकट्याला आत घेतले तर बाकीचे लोक शाळेकडे पाठ फिरवतील आणि सबंध संस्थाच निरुपयोगी होईल. एकासाठी बहुसंख्यांचे नुकसान करता येत नाही.

हाच युक्तिवाद मी १९८७ साली केला. मी जन्माने महार, धर्माने बौद्ध आणि पेशाने जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. माझे वडील शाळेच्या व्हरांड्यात बसून दोन यत्ता शिकले. त्यांच्या पाटीवर गुरुजी लांबून पाणी शिंपडत. ही हकीकत मी कितीतरी सभांतून सांगितली आहे. आणि तरीही बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आमच्याच वस्तीतल्या एका मुलाला मी वर्गाबाहेर काढले.

मुलगा आठ वर्षांचा होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याची आई हात धरून त्याला घेऊन आली. आईबाप दोघेही ऊसतोड कामगार. मुलगा डोळ्याला डोळा देत नसे. विचारलेला प्रश्नच परत आपल्याला विचारी. पाटीवरच्या पेन्सिली एका ओळीत लावी आणि त्यांतली एक कोणी हलवली की डोके जमिनीवर आपटी. शाळेची घंटा वाजली की कानांवर हात ठेवून किंचाळे. पण फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक एस.टी.ची पाटी त्याला पाठ होती. कोणती गाडी कोणत्या गावाहून येते हे तो न अडखळता म्हणून दाखवी. आई म्हणाली, "गुरुजी, त्येला नुस्तं बसू द्या. न्हाई शिकला तरी चालंल. चार पोरांत ऱ्हाईल."

मी त्याला अडीच महिने बसू दिले. पहिल्या आठवड्यात वर्गात, नंतर व्हरांड्यात. पालकांच्या तक्रारी आल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, "हे काय चाललंय?" मी त्याच्या आईला बोलावून सांगितले, "आक्का, याच्या एकट्यापायी चाळीस पोरांचं नुकसान व्हायलंय." ती काही बोलली नाही. मुलाला घेऊन गेली. मी त्याचे नाव पटावरून कमी केले आणि कारणाच्या रकान्यात लिहिले : सतत गैरहजर.

त्या मुलाच्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात हे मला पुढे पंधरा-सोळा वर्षांनी, सर्व शिक्षा अभियानाच्या एका प्रशिक्षणात कळले. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो. वाचता वाचता असे दिसले की हा इतिहास केवळ वैद्यकाचा नाही. कोणाच्या मुलाला शाळा आहे आणि कोणाच्या मुलाला नाही, हे कोण ठरवतो, याचा तो इतिहास आहे. म्हणून तो आपल्या व्यासपीठावर मांडतो आहे.

२

आधी नावाविषयी. 'ऑटिझम' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने १९१० च्या सुमारास घडवला, तोही छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी. मराठीत आपण 'स्वमग्न' म्हणतो. जणू मूल आपल्याच तंद्रीत सुखाने बसलेले आहे! प्रत्यक्षात ते जगापासून तुटलेले नसते. जग त्याच्यावर फार जोराने आदळत असते. घंटेचा आवाज, गर्दी, अचानक बदललेला क्रम त्याला सोसवत नाही. बोलणे, दुसऱ्याचा भाव ओळखणे, देवघेव करणे या गोष्टी त्याच्या मेंदूची घडण वेगळी असल्याने त्याला सहज येत नाहीत. हा रोग नव्हे, म्हणून औषधाने जात नाही. शिकवण्याने मात्र फार मोठा फरक पडतो. इतरांनी ठेवलेल्या नावाने ओळखले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

सोव्हिएत रशियात ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर स्त्रीने १९२५ सालीच अशा मुलांचे नेमके वर्णन केले होते. जगाने ते जवळजवळ विसरून टाकले. इतिहासाची सुरुवात धरली जाते ती १९४३ पासून. त्या वर्षी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ मुलगे, तीन मुली. कॅनरनी त्यांच्या आईबापांविषयी लिहिले की ही सगळी उच्चशिक्षित, बुद्धिमान घराणी आहेत. अकरांपैकी तीन सोडून बाकी सगळ्या कुटुंबांतील कोणाचे ना कोणाचे नाव अमेरिकेतील नामवंतांच्या किंवा शास्त्रज्ञांच्या कोशात होते.

येथेच थांबून प्रश्न विचारला पाहिजे. ही अकरा मुले कॅनरपर्यंत पोचली कशी? पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या गावचा. आईचे घराणे बँकेच्या मालकांचे, वडील वकील. वडिलांनी मुलाविषयी तेहतीस पानी टंकलिखित पत्र पाठवले आणि १९३८ साली त्याला दूरच्या बाल्टिमोरला नेले. ज्याच्या घरी टंकलेखन करून घेण्याची सोय आहे, आगगाडीच्या भाड्याचे पैसे आहेत आणि नामवंत डॉक्टरला पत्र लिहिण्याचा आत्मविश्वास आहे, त्याचेच मूल त्या दाराशी पोचणार. त्या काळी बाल्टिमोरच्या शाळा कायद्यानेच गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या; खुद्द त्या रुग्णालयातही वर्णानुसार वेगळे विभाग होते. अकरा मुलांत कृष्णवर्णीय मूल नव्हते. दार ज्यांच्यासाठी उघडे होते त्यांना मोजून शास्त्राने ठरवले की हा सुशिक्षितांच्या घरचा विकार आहे.

या समजुतीचा निकाल लागायला १९८० साल उजाडावे लागले. लंडनच्या कॅम्बरवेल भागात लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी दवाखान्यात येणाऱ्यांची वाट न पाहता सबंध वस्तीतल्या मुलांची पाहणी केली होती. तिच्या आधारे विंग यांनी १९८० च्या लेखात दाखवले की स्वमग्नता सर्व वर्गांत सारखीच आहे. फरक आहे तो तज्ज्ञापर्यंत कोण पोचते याचा. लॉर्ना विंग स्वतः एका स्वमग्न मुलीची आई होत्या. मधल्या सदतीस वर्षांत किती गरिबांची मुले 'वेडी', 'मंद', 'द्वाड' ठरून कोंडली गेली, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

३

त्याच काळात आणखी एक अन्याय झाला, तो आयांवर. कॅनरनी १९४९ साली लिहिले की ही मुले जणू शीतकपाटात ठेवल्यासारखी, मायेच्या उबेवाचून वाढलेली आहेत. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइमनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात हीच कल्पना टोकाला नेली. आई मुलाला मनातून नाकारते म्हणून मूल आत मिटते, असे त्यांचे म्हणणे. उपाय कोणता? मुलाला आईपासून दूर करणे. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, १९६४ सालीच पुराव्यानिशी या मताचे खंडन केले होते; पण आईला दोष देण्याची गोडी काही सुटत नव्हती.

आपल्या वस्तीत याला दुसरे शब्द आहेत. बाहेरची बाधा, पोटुशी असताना पाहिलेले ग्रहण, आईचे पाप. शिकागोतल्या प्राध्यापकाने आणि आमच्याकडच्या मांत्रिकाने काढलेला निष्कर्ष एकच. बारा-बारा तास फडात ऊस तोडून रात्री कोपीत भाकरी थापणाऱ्या बाईला मायेची ऊब नसल्याचे सांगायला बेटेलहाइम इकडे आले नाहीत एवढेच.

आणि व्हिएन्ना. हान्स अॅस्परगर या डॉक्टरने १९४४ साली अशाच मुलांवर प्रबंध लिहिला. कित्येक वर्षे त्याला मुलांचा कैवारी मानले जाई. २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने कागदपत्रांतून उघड केले की ज्या मुलांना तो 'शिकू शकणार नाहीत' असे ठरवी, त्यांतल्या काहींना त्याने 'आम श्पीगेलग्रुंड' या नाझी संस्थेकडे पाठवले. त्या संस्थेत सातशे ऐंशीहून अधिक मुले मारली गेली. 'शिकू शकणारा' आणि 'शिकू न शकणारा' अशी रेघ मारण्याचा अधिकार एकदा कोणाच्या हाती दिला की ती रेघ कुठवर जाऊ शकते, ते येथे दिसते. मनूनेही अशीच रेघ मारली होती. शूद्रातिशूद्र शिकू शकत नाहीत, आणि शिकले तर शिक्षेस पात्र आहेत.

४

ही रेघ पुसण्याचे काम कोणी केले? स्वमग्न मुलांच्या शिक्षणाचा हक्क अमेरिकेत प्रस्थापित झाला तो काळ्यांनी बांधलेल्या रस्त्याने. हे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ' या खटल्यात निर्णय दिला की काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे हे मुळातच विषम आहे. थरगुड मार्शल आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी ही लढाई लढवली. विरुद्ध बाजूने, दक्षिण कॅरोलायना राज्यातर्फे उभे राहिलेल्या जॉन डेव्हिस या मोठ्या वकिलाने तोंडी युक्तिवादात न्यायालयाला बजावले होते : वर्णावरून मुले वेगळी करता येत नसतील, तर उद्या बुद्धीच्या कुवतीवरूनही ती वेगळी करता येणार नाहीत. त्याने हे भीती घालण्यासाठी म्हटले. पण समतेचा एक दोरा ओढला की पुढचा आपोआप ओढला जातो हे मित्रांआधी शत्रूलाच कळले होते.

पुढे अठरा वर्षांनी तेच झाले. पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांचे 'मानसिक वय' न गाठलेल्या मुलाला शाळा नाकारण्याची मुभा कायद्यानेच दिली होती. पालकांच्या संघटनेने १९७१ मध्ये राज्यावर खटला भरला, आणि १९७२ मध्ये राज्याला मान्य करावे लागले की प्रत्येक मूल शिकू शकते. वॉशिंग्टन शहरात सात मुलांच्या वतीने 'मिल्स विरुद्ध शिक्षण मंडळ' हा खटला उभा राहिला. सातही मुले कृष्णवर्णीय. त्यांतला पीटर मिल्स बारा वर्षांचा, चौथीतला. वागणूक त्रासदायक म्हणून शाळेने काढून टाकलेला. त्या शहरातील सुमारे बावीस हजार अपंग व अडचणीच्या मुलांपैकी अठरा हजारांपर्यंत मुलांना कोणतेच योग्य शिक्षण मिळत नव्हते, असे निकालपत्रातच नमूद आहे.

शिक्षण मंडळाचे उत्तर ठरलेले होते : पैसे नाहीत. एवढ्यांची सोय करायची तर बाकीच्या मुलांच्या तोंडचा घास काढावा लागेल. न्यायमूर्ती जोसेफ वॅडी हे स्वतः कृष्णवर्णीय होते. १ ऑगस्ट १९७२ च्या निकालात त्यांनी सांगितले की पैसा अपुरा असेल तर असलेला पैसा असा वाटा की एकही मूल पूर्णपणे बाहेर राहणार नाही; टंचाईचा भार अपंग मुलाच्याच डोक्यावर इतरांहून जास्त टाकता येणार नाही.

धारवाडच्या १८५६ च्या निर्णयाशेजारी हा निकाल ठेवून वाचावा. एकाने म्हटले, एकासाठी बहुसंख्यांचे नुकसान नको. दुसऱ्याने म्हटले, बहुसंख्यांच्या सोयीसाठी एकालाही बाहेर ठेवू नका. १९७२ हे आपल्याकडे दलित पँथरच्या स्थापनेचे वर्ष. त्या वर्षी आम्ही तरुण मंडळी काळ्यांच्या चळवळीविषयी मिळेल ते वाचत होतो. ब्लॅक पँथरची नावे तोंडपाठ होती. पीटर मिल्सचे नाव मात्र आमच्यापर्यंत आले नाही. ते आले असते तर १९८७ साली मी काय केले असते, हा प्रश्न मला अजून सतावतो.

या निकालांच्या बळावर १९७५ साली अमेरिकेत सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. तरी त्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान नव्हते. सुरुवातीच्या नियमांत तिची गणना गंभीर भावनिक बिघाडात केली होती. म्हणजे आईला दोष देणारे तत्त्वज्ञान कायद्यातही शिरले होते. १९८१ मध्ये तिला त्या वर्गातून काढले आणि १९९० मध्ये स्वतंत्र नाव मिळाले.

पण गोष्ट येथे गोड शेवटाला पोचत नाही. कॅलिफोर्नियात काळ्या मुलांना इंग्रजी बुद्धिमापन चाचण्या लावून 'मंदबुद्धी' वर्गांत ढकलले जात होते. शाळांतील मुलांत त्यांचे प्रमाण सुमारे एक-दशांश, तर या वर्गांत पाव हिश्श्याच्या आसपास. 'लॅरी पी. विरुद्ध राइल्स' खटल्यात न्यायमूर्ती पेकहॅम यांनी १९७९ मध्ये या चाचण्यांवर बंदी घातली. म्हणजे ज्या हक्कासाठी काळी मुले न्यायालयात गेली, त्याच 'विशेष शिक्षणा'च्या नावाखाली त्यांच्यासाठी नवे गावकूस उभे राहिले. आणि खरोखर स्वमग्न असलेल्या काळ्या मुलांना ते नावही वेळेवर मिळत नव्हते. फिलाडेल्फियातील गरीब कुटुंबांच्या २००२ सालच्या अभ्यासात गोऱ्या मुलांचे निदान सरासरी ६.३ व्या वर्षी, तर काळ्यांचे ७.९ व्या वर्षी होत असल्याचे आढळले. गोऱ्या मुलाचा हट्ट हे लक्षण ठरते, काळ्या मुलाचा हट्ट हा गुन्हा ठरतो. २०२३ साली अमेरिकेच्या सरकारी पाहणीत काळ्या मुलांत नोंदलेले प्रमाण प्रथमच गोऱ्यांच्या पुढे गेले. विकार वाढला असे यावरून म्हणता येत नाही. दार थोडे अधिक उघडले, एवढाच अर्थ प्रामुख्याने त्यातून निघतो.

५

शिकवायचे कसे, हा प्रश्नही इतिहासानेच सोडवला आहे. कॅनरचा पहिला मुलगा डोनाल्ड. त्याला चौथ्या वर्षी एका संस्थेत ठेवले होते. तेथे तो खंगला, तेव्हा आईबापांनी परत आणले. १९४२ पासून तीन वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड. शेतकऱ्याने ते मोडून काढले नाही. त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितली. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजू लागला, तेव्हा नांगर हाती देऊन नांगरता नांगरता मोजायला लावले. जवळच्या खेड्यातल्या शाळेने त्याला त्याच्या तऱ्हेवाईकपणासह सामावून घेतले. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, आणि २०२३ साली वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. कॅनरनी १९७१ मध्ये त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा सरकारी कोंडवाड्यांत गेलेल्या मुलांची सारी चमक विझलेली आढळली. एकाच तऱ्हेची मुले. फरक होता तो त्यांना कोठे ठेवले याचा. डोनाल्डच्या पाठीशी घरची बँक होती आणि गोऱ्यांच्या शाळेचे दार त्याला उघडे होते, हेही विसरता कामा नये.

उत्तर कॅरोलायनात एरिक शॉपलर यांनी १९६६ पासून आईबापांनाच सहशिक्षक मानून काम सुरू केले. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडावे लागलेल्या ज्यू कुटुंबातले ते. १९७२ मध्ये राज्य सरकारने त्यांची पद्धत राज्यभर स्वीकारली. तिचे तत्त्व साधे आहे. मुलाला कानाने कळत नसेल तर डोळ्याने सांगा. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा. काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे त्याला दिसू द्या. गोंगाटापासून दूर एक कोपरा ठेवा. बदल होणार असेल तर आधी दाखवा. यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. पुठ्ठा, चित्रे, सुतळी आणि प्रशिक्षित माणूस लागतो. मोलाचा आहे तो माणूस, आणि आपल्याकडे नेमका तोच नाही.

येथे एक फरक मान्य करायला हवा. अस्पृश्यता पूर्णपणे माणसांनी निर्माण केलेली होती. ती उठली की अडसर उठतो. माझ्या वडिलांना वर्गात घेतले असते तर ते इतरांसारखेच शिकले असते. स्वमग्न मुलाचे तसे नाही. त्याला नुसते आत घेऊन भागत नाही. घंटेचा आवाज त्याला आतही सोसत नाही. त्याच्यासाठी शाळेलाच आपली रीत बदलावी लागते. बोले ठरावाने १९२३ साली सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या, तरी कितीतरी वर्षे आपली मुले व्हरांड्यातच बसत होती. स्वमग्न मुलाला नुसते पटावर घेणे हा असाच व्हरांडा आहे.

६

आता आपल्या देशाकडे. मुंबईत १९४४ साली जय वकील यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची शाळा सुरू केली. दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापली आणि १९९४ पासून 'ओपन डोअर' ही स्वमग्न मुलांची शाळा चालवली. या स्त्रियांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु काम आईबापांच्या ऐपतीवर उभे राहिले की ते मोठ्या शहरांत उभे राहते. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे सांगितले होते की पैसा कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या वर्गाचे. वर ओतलेले ज्ञान खाली झिरपत नाही. विशेष शिक्षणही मुंबई-पुण्याहून पाटोदा-गेवराईच्या तांड्यावस्त्यांपर्यंत झिरपलेले नाही.

कायद्याचा क्रम पाहा. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम नाव दिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अपंग मुलाची व्याख्या १९९५ च्या कायद्यावरून घेतली, म्हणजे स्वमग्न मूल पुन्हा बाहेर. ती चूक २०१२ मध्ये सुधारली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत स्वमग्नता आली, आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि वरच्या इयत्तांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. २०२५ मध्ये राज्यांना पदे मंजूर करून जाहीर करण्याचे आदेश द्यावे लागले. आदेशावर आदेश निघतात याचाच अर्थ आधीचा पाळला गेला नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के निघाले. कुपोषण, घरची बाळंतपणे, धोक्याची कामे यांचा त्याच्याशी संबंध उघड आहे. पण त्या जनगणनेत स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. आपल्या वस्त्यांत अशी मुले किती, हे सांगणारा आकडा नाही. रकाना नाही म्हणून मूल नाही.

महाराष्ट्रात विशेष शाळा पुष्कळ वर्षे शिक्षण खात्याकडे नव्हत्या. त्या समाजकल्याणकडे होत्या. आपल्या मुलांची वसतिगृहेही तेथेच. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण हे निराळे खाते झाले. खाते बदलले, पण दृष्टी कल्याणाचीच राहिली. शिक्षण हा हक्क असेल तर तो शिक्षण खात्याच्या दारात मागितला पाहिजे.

वयात येणाऱ्या मुलांचा प्रश्न तर आणखी बिकट. लहान असताना 'भोळा' म्हणून खपून जाणारा मुलगा चौदाव्या वर्षी गावाला धोका वाटू लागतो. मुलीला आई घराबाहेर काढायला धजत नाही, आणि त्या भीतीत तथ्यही असते. याच वयात त्यांना हाताचे काम, पैशाचा व्यवहार, स्वतःच्या शरीराची ओळख आणि रक्षण शिकवायला हवे. नेमक्या याच वयात त्यांची शाळा संपते.

७

शेवटी आपल्याविषयी. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण शिरोधार्य मानला. त्या आदेशाने माझ्यासारखे हजारो उभे राहिले. पण हळूहळू आपण शिकणे म्हणजे पदवी, पदवी म्हणजे नोकरी असा अर्थ करून घेतला. ज्या मुलाला पदवी मिळणार नाही त्याची आपल्याला लाज वाटू लागली. जयंतीच्या कार्यक्रमात गुणवंतांचे सत्कार होतात. असे मूल असलेली आई मागे, मंडपाच्या कनातीजवळ उभी असते. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेल्या मुलाचे आपण वारसदार. त्या मुलाची प्रतिष्ठा पुढे मिळालेल्या पदव्यांनी निर्माण झाली काय? तो गोणपाटावर बसला होता तेव्हाही त्याचा हक्क पुरता होता. हे मानले तरच समतेची भाषा खरी.

कार्यकर्त्यांपुढे मी मोठा कार्यक्रम ठेवत नाही. आपापल्या वस्तीतल्या शाळेबाहेरच्या मुलांची यादी करा आणि कारणाच्या रकान्यात खरे कारण लिहा. २०१६ च्या कायद्याखालचे प्रमाणपत्र काढायला त्या आईबरोबर जा. एका दिवसाची मजुरी बुडवून ती एकटी जिल्ह्याला तीन-तीन हेलपाटे घालू शकत नाही. विशेष शिक्षकाची पदे किती मंजूर, किती भरलेली, हे जिल्हा परिषदेला लेखी विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहात जागा मागा. आपल्या स्वतःच्या शिक्षणसंस्थांना विचारा की तुमच्या शाळेत असे मूल आहे काय. नसेल तर का नाही?

काही वर्षांपूर्वी त्या मुलाची आई मला बाजारात भेटली. मी ओळखलेही नसते. तिनेच हाक मारली. मुलाची चौकशी केली. म्हणाली, "हाय की. मोठा झालाय. लहानपणी फडावर कोपीच्या मेढीला पाय बांधून ठिवायची मी त्येला, कोयता लागू नये म्हणून. आता बांधाया लागत न्हाई. बसून ऱ्हातो." मग थोडे थांबून तिने विचारले, "आता निघाली का हो गुरुजी तसल्या पोरांची शाळा?"

माझ्या हातून लिहिलेला तो पट शाळेच्या कपाटात कोठेतरी असेल. उद्या एखाद्या संशोधकाने तो उघडला तर त्याला दिसेल की १९८७ साली त्या वस्तीतला एक मुलगा सतत गैरहजर राहिला. ती नोंद खोटी आहे. तो रोज येत होता. घंटा व्हायच्या आधी येऊन व्हरांड्यात बसत होता. त्याला शिकवता येत नव्हते ते मला, आणि बाहेर काढले तेही मी. पटावर आता दुरुस्ती करता येत नाही म्हणून ती येथे करतो आहे.